धर्माचे म्हणणे कुणाला विचारायचे?

२०१८ च्या जानेवारीत औरंगाबादेत एक वैदिक संमेलन भरले होते. केंद्रात तेव्हा मनुष्यबळ विकास राज्यमंत्री असलेले सत्यपाल सिंह त्यासाठी आले होते. मुंबईचे माजी पोलिस आयुक्त म्हणून मराठी पत्रकारांच्या चांगल्या परिचयाचे. डार्विनचा उत्क्रांतिवाद शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, तेव्हा शाळा-कॉलेजच्या पुस्तकांतून हे बदलायला हवे, असे ते तिथे म्हणाले. दोन दिवसांत देशभर गदारोळ उठला. देशातल्या तिन्ही प्रमुख विज्ञान अकादम्यांनी संयुक्त पत्रक काढून मंत्र्यांचे विधान निराधार ठरवले. त्यांचेच वरिष्ठ मंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर यांनी अशी विधाने टाळा म्हणून त्यांना बजावले. प्रकरण मिटले. पण तोवर त्याच्यावर नेहमीचा शिक्का बसला होता: धर्म विरुद्ध विज्ञान.

आता यात धर्म नेमका कुठला? डार्विनला पुस्तकातून काढा, अशी मागणी कुठल्या शंकराचार्यांनी केली नव्हती, कुठल्या आखाड्याने नाही, कुठल्या मठाने नाही. उलट मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह या अवतारक्रमात उत्क्रांतीच दिसते, असे अभिमानाने सांगणारे सुशिक्षित हिंदू शतकभर तरी सापडतात. (तेही विज्ञान नव्हे, हा भाग वेगळा.) माणूस प्रथमपासून माणूस म्हणूनच निर्माण झाला, ही भूमिका ठामपणे मांडणारा हिंदू ग्रंथ शोधायचा तर स्वामी दयानंदांचा ‘सत्यार्थ प्रकाश’ हाती येतो. आदिमानव त्रिविष्टपात म्हणजे तिबेटात, एकदम अनेक संख्येने आणि तरुण वयातच निर्माण झाले, असे त्याच्या आठव्या समुल्लासात सांगितले आहे. ‘वैदिक’ या शब्दावर आर्य समाजाचा जो भर असतो तो ज्याला ठाऊक आहे, त्या बातमीदाराला औरंगाबादेतच ही खूण पटली असती. आर्य समाजाची स्थापना १८७५ साली मुंबईत झाली. त्याच वर्षी दयानंद पुण्यात आले, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने त्यांची व्याख्याने झाली, मिरवणूक निघाली, तिच्यावर सनातन्यांनी चिखलफेक केली आणि जोतीराव फुले आपली माणसे घेऊन मिरवणुकीच्या पाठीशी उभे राहिले. म्हणजे २०१८ सालच्या विधानामागे एका विशिष्ट पंथाचा, एका विशिष्ट ग्रंथाचा आणि चक्क पुण्या-मुंबईचा इतिहास होता. बातमीत त्याचा मागमूस नव्हता. बातमीत एक मंत्री होता आणि समोर शास्त्रज्ञ होते.

याचे कारण वृत्तपत्राच्या कचेरीतच सापडते. तिथे गुन्हेगारीला बातमीदार असतो, महापालिकेला असतो, मंत्रालयाला तर दोन-दोन असतात. कोर्ट, शिक्षण, आरोग्य, शेअर बाजार, सगळ्यांना बीट असते. धर्माला पुरवणी असते. आषाढीला वारीची, भाद्रपदात गणपतीची, अधूनमधून एखाद्या सप्ताहाची. शिवाय रोजचे राशिभविष्य आणि एक चिंतनपर सदर. या सगळ्यात धर्म मंगल, सुवासिक आणि बहुतेक वेळा जाहिरातदारांनी वेढलेला असतो. मग एखाद्या दिवशी वाद पेटतो. मंदिरप्रवेशाचा, लसीचा, कायद्याचा. अशा वेळी पुरवणीवाला जात नाही, राजकीय बातमीदार धावतो. तो आपल्या धंद्याच्या सवयीने दोन पक्ष शोधतो आणि प्रत्येक पक्षाचा प्रवक्ता शोधतो. पक्षाला प्रवक्ता असतो, धर्माला नसतो. मग जो सर्वांत आधी, सर्वांत मोठ्याने आणि कॅमेऱ्याला सोयीच्या वेळी बोलतो, तोच धर्म होऊन बसतो.

हे सगळे आपल्याकडेच घडते असेही नाही. या साच्याचे मूळ अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या डेटन नावाच्या छोट्या गावी आहे. सरकारी शाळेत माणसाची उत्क्रांती शिकवायला बंदी घालणारा कायदा १९२५ साली त्या राज्याने केला. जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर त्याखाली खटला भरला गेला, तोही ठरवून. नागरी स्वातंत्र्यवादी संघटनेला खटला लढवायला कुणीतरी आरोपी हवा होता आणि आपल्या गावाचे नाव देशभर व्हावे असे डेटनच्या चार प्रतिष्ठितांना वाटत होते. औषधाच्या दुकानातल्या टेबलाभोवती बसून त्यांनी बेत पक्का केला. जुलैच्या उकाड्यात शंभराहून अधिक पत्रकार गावात उतरले, शिकागोच्या रेडिओने कामकाज थेट ऐकवले. एका बाजूला बायबलनिष्ठ राजकारणी विल्यम जेनिंग्ज ब्रायन, दुसऱ्या बाजूला अज्ञेयवादी म्हणून गाजलेला वकील क्लॅरेन्स डॅरो. साचा तयार झाला आणि शंभर वर्षे टिकला.

त्या साच्यात जे बसले नाही ते गळून पडले. बचाव पक्षाने शिकागो विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विद्याशाखेचे प्रमुख शेलर मॅथ्यूज यांचे निवेदन दाखल केले होते. ख्रिस्ती श्रद्धा आणि उत्क्रांती यांत विरोध नाही असे सांगणारा हा धर्मशास्त्रज्ञ डार्विनच्या बाजूने उभा होता. स्कोप्सच्या वर्गातल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात उत्क्रांतीबरोबरच ‘हीन’ माणसांची पैदास रोखण्याचा सल्लाही होता. दुबळ्यांना चिरडायला लोक डार्विनचा आधार घेतील, ही ब्रायन यांची भीती अगदीच हवेतली नव्हती. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला, तो पुढे तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाला, कायदा १९६७ पर्यंत राहिला. लोकांच्या लक्षात राहिला तो डॅरो आणि ब्रायन यांचा आखाडा.

मराठी वृत्तपत्रांना खरे तर हा साचा उसना आणायची गरज नव्हती. डेटनच्या चौतीस वर्षे आधी पुण्यात याहून सरस वाद छापून येत होता.

संमतिवयाच्या कायद्याचा तो वाद. शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय दहावरून बारा करणारे विधेयक १८९१ च्या जानेवारीत मांडले गेले आणि १९ मार्चला मंजूर झाले. आदल्याच वर्षी बंगालमध्ये फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संबंधामुळे मरण पावली होती, त्याने देश हादरला होता. विरोधकांचा मुख्य मुद्दा गर्भाधान संस्काराचा. पहिल्या ऋतूनंतर ठरावीक दिवसांत हा संस्कार व्हायला हवा. एखादी मुलगी बाराच्या आतच ऋतुमती झाली तर कायद्यामुळे धर्म मोडणार. यावर सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी ‘धर्म मध्ये आणू नका’ असे म्हटले नाही. त्यांनी स्मृती आणि गृह्यसूत्रे काढून बसकण मांडली आणि शास्त्रानेच हा संबंध लांबणीवर टाकायला मुभा दिली आहे, असे पुराव्यानिशी दाखवले. सुधारकांनी सुश्रुताचाही दाखला काढला: सोळाच्या आतल्या मुलीला गर्भ राहिला तर तो पोटातच दगावतो किंवा दुबळा निपजतो, असे तो वैद्य सांगून गेला होता. म्हणजे वैद्यक आणि धर्मशास्त्र एकाच पारड्यात.

टिळकांनी भांडारकरांना शास्त्राच्याच मैदानात उत्तर दिले. पण टिळकांचा खरा रोख शास्त्रापेक्षा सत्तेवर होता: परक्या सरकारला आमच्या घरात शिरायचा अधिकार काय? हेच टिळक आदल्या वर्षी म्हणत होते की ज्या सुधारकांना खरेच सुधारणा हवी आहे त्यांनी स्वतः प्रतिज्ञेवर सह्या कराव्यात, मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करू नये. आगरकरांची जागा तिसरीच. ‘सुधारका’तून ते विचारत होते की मुळात शास्त्राला विचारायचेच कशाला, माणसाच्या बुद्धीला आणि कोवळ्या मुलीच्या वेदनेला काय वाटते ते पाहा. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ दोन्ही वाचणाऱ्या पुणेकराला धर्माच्या आतले दोन आवाज, धर्माबाहेरचा एक आणि सत्तेचा प्रश्न असे सगळे उमजत होते. त्याला कुणी ‘धर्म विरुद्ध सुधारणा’ एवढ्यावर घरी पाठवले नाही.

तरी त्या पत्रकारितेचे फार कौतुक करायला नको. ज्या मुलींबद्दल हे चालले होते त्या कुठेच बोलत नव्हत्या. अपवाद रखमाबाईंचा. अजाणत्या वयात झालेले लग्न नाकारून त्या कोर्टात उभ्या राहिल्या. १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने त्यांची पत्रे आली. १८८७ साली कोर्टाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. ‘केसरी’ने त्यांची बाजू घेतली नाही, उलट टीकेची झोड उठवली. शेवटी २,००० रुपयांवर तडजोड झाली, आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. संमतिवयाच्या चर्चेत ज्ञान होते, खोली होती. जिच्या शरीराचा प्रश्न होता तिचे म्हणणे विचारायची पद्धत नव्हती.

एकविसाव्या शतकात हेच पुणे पुन्हा मध्यभागी आले. जादूटोणाविरोधी कायदा. २००५ साली विधेयक विधानसभेने मंजूर केले आणि मग ते विधान परिषदेत अडकले. वर्षामागून वर्षे गेली. या काळात गावोगावच्या पारावर आणि फडांवर एकच बोलणे पसरले: हा कायदा आला की सत्यनारायण बंद, नवस बंद, वारी बंद. काही वारकरी संघटना रस्त्यावर उतरल्या. बातम्यांत ‘वारकऱ्यांचा विरोध’ हे शब्द इतक्या वेळा आले की वारकरी संप्रदायाने जणू ठराव करून विरोध नोंदवला असावा. फडकरी, दिंडीचालक, देवस्थानचे विश्वस्त, कीर्तनकार, गावात माळ घालून शेती करणारा माणूस, हे सगळे मिळून संप्रदाय होतो आणि त्यांचे एकमत क्वचितच होते, हे वारी चालून आलेल्या प्रत्येक बातमीदाराला माहीत होते. वाखरीच्या रिंगणाचे वर्णन तो डोळे मिटून लिहू शकत होता. नरबळीबाबत फडात काय बोलणे होते, हे विचारायला मात्र तो गेला नाही.

या वादात सर्वांत कमी वाचली गेलेली गोष्ट म्हणजे खुद्द मसुदा. कायद्याला जोडलेली अनुसूची बारा कलमांची आहे. वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानात आरामात बसेल. पहिलेच कलम वाचावे. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, जोडे भिजवलेले पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे. पुढे एके ठिकाणी साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे. आणखी एके ठिकाणी बोटांनी शस्त्रक्रिया करतो किंवा पोटातल्या गर्भाचे लिंग बदलून देतो, असा दावा करणे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हे वाचून ‘आमच्या धर्मावर घाला’ म्हणणाऱ्याला बातमीदाराने फक्त एवढे विचारायचे होते: बुवा, यातले कुठले कलम तुमच्या धर्मात बसते?

त्याच कायद्यात उलट टोकाचीही एक बातमी दडलेली आहे. अनुसूचीबाहेर, मूळ कायद्याच्या बाराव्या कलमात तो कशाला लागू नाही याची यादी आहे. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन, दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे, घर, मंदिर, दर्गा, गुरुद्वारा, चर्च इथल्या उपासना, नवस, मोहरमची मिरवणूक, जैनांचे केशलोचन. इथवर समजण्यासारखे. पण त्याच यादीत वास्तुशास्त्राचा सल्ला आहे आणि ज्योतिषाचाही आहे. म्हणजे अंधश्रद्धा रोखायला निघालेल्या कायद्याने या दोन तेजीतल्या धंद्यांना लेखी अभय दिले. हा बदल कुणी सुचवला, कुठल्या बैठकीत झाला, सरकारने तो का मान्य केला? धर्मावर घाला आला म्हणून बोंब मारणाऱ्यांनी वाटाघाटीत काय काय पदरात पाडून घेतले, ही खरी बातमी होती. ती फारशी कुणी मागे लागून काढली नाही.

२० ऑगस्ट २०१३ रोजी या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर, ते सकाळी फिरायला निघाले असताना, पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. त्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव आहे. शिंदे प्रार्थना समाजाचे प्रचारक. अस्पृश्यतेविरुद्धची त्यांची सारी लढाई धर्माच्या आत उभे राहून चालली. ‘विवेकवादी विरुद्ध धर्मवादी’ या मथळ्यात शिंदे कुठे बसवायचे?

खरे तर हक्कांच्या लढाया धर्माच्या आतूनच पेटतात, याचे धडे याच राज्यात एका वर्षात दोनदा मिळाले. २०१६ साल. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना चढू द्यायचे की नाही, यावरून प्रजासत्ताक दिनी आंदोलक महिलांच्या बसगाड्या निघाल्या, सुप्याजवळ पोलिसांनी अडवल्या, हेलिकॉप्टरने उतरण्याची भाषा झाली. वाहिन्यांना याहून चांगले काय हवे? पण निकाल लागला तो एका जनहित याचिकेमुळे. ‘मिळून साऱ्याजणी’च्या संस्थापक विद्या बाळ आणि वकील नीलिमा वर्तक यांनी उच्च न्यायालयात जो कायदा दाखवला तो १९५६ पासून राज्याच्या पुस्तकात पडून होता: हिंदूंसाठी खुले असलेले सार्वजनिक पूजास्थान सर्व हिंदूंना खुले. साठ वर्षे हा कायदा असताना चौथऱ्यावर बंदी कशी, हा प्रश्न अहमदनगर जिल्ह्याच्या कुठल्याही वार्ताहराला विचारता आला असता. गुढीपाडव्याला, ८ एप्रिलला, बायका चौथऱ्यावर गेल्या.

त्याच वर्षी २६ ऑगस्टला त्याच न्यायालयाने मुंबईच्या हाजी अली दर्ग्यातल्या बायकांच्या प्रवेशाचा निकाल दिला. तिथे ‘इस्लाम विरुद्ध बायकांचे हक्क’ अशी मांडणी करणे फार सोपे होते आणि बऱ्याच जणांनी ती केली. पण कोर्टात गेलेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाझ आणि झकिया सोमण या काही धर्म सोडून आलेल्या नव्हत्या. आम्ही २०११-१२ पर्यंत मजारीपर्यंत जात होतो, ही बंदी नवी आहे, कुराणात तिला आधार नाही, असे त्यांचे म्हणणे. दर्ग्याच्या ट्रस्टने काही आयती आणि वचने पुढे केली. न्यायाधीशांनी ती तपासली आणि यातून बंदी निघत नाही म्हणून सांगितले. पुढे ट्रस्टनेच सर्वोच्च न्यायालयात माघार घेतली आणि नोव्हेंबरात बायका आत गेल्या. म्हणजे जी गोष्ट सनातन परंपरा म्हणून छापली जात होती तिचे वय पाच वर्षेसुद्धा नव्हते. बंदी कधीपासून आहे, एवढा एक प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर अर्धा वाद तिथेच संपला असता. १९६६ च्या एप्रिलमध्ये समाजसुधारक हमीद दलवाई सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईच्या विधानभवनावर गेले, तेव्हाही ‘मुस्लिम समाजाचे म्हणणे’ विचारायला पत्रकार दुसऱ्यांच्याच दारात गेले असणार, अशी शंका घ्यायला जागा आहे.

टिंगलीची पत्रकारिता हे याचे दुसरे टोक. २००६ च्या ऑगस्टमध्ये माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाले म्हणून शेकडो माणसे बाटल्या भरून घेऊन गेली. पावसाने आणि मिठी नदीच्या लोंढ्याने किनाऱ्यालगतचा खारटपणा घटला होता. त्या लोंढ्यात शहराची सगळी घाण होती. ‘वेडी गर्दी’ असे मथळे देऊन मोकळे होता आले. २०१२ साली विलेपार्ल्यातल्या इर्ल्याच्या चर्चबाहेर क्रूसावरून पाणी ठिबकू लागले, तेव्हा विवेकवादी सनल इडामारुकू यांनी तुंबलेल्या गटाराचे पाणी केशाकर्षणाने वर चढते आहे, हे दाखवले. वाहिनीवरच्या वादावादीत मामला भडकला, त्यांच्याविरुद्ध धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला निघून गेले. चर्चने त्या ठिबकण्याला अधिकृतपणे चमत्कार ठरवले होते का? नव्हते. चमत्कार आहे की नाही हे ठरवायची कॅथलिक चर्चची स्वतःची लांबलचक चौकशीची रीत आहे. ती काय असते, एवढे सांगणारी चौकट छापली असती तरी पुरे होते.

साथीच्या काळात या सवयीची किंमत माणसांनी मोजली. २०२० च्या मार्चमध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधल्या तबलिगी मेळाव्यातून संसर्ग पसरला, ही आरोग्याची बातमी होती आणि ती द्यायलाच हवी होती. पण आठवडाभरात तिचा विषाणू सुटला आणि धर्म उरला. २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. या माणसांविरुद्ध छापील आणि वाहिन्यांच्या माध्यमांतून मोठा अपप्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा करण्यात आले, असे न्यायालयाने निकालात नोंदवले. हा ताशेरा पत्रकारितेवर होता, आणि मराठी मुलुखातल्या कोर्टाने मारलेला होता.

पुढच्या एप्रिलमध्ये हरिद्वारला कुंभ भरला. निरंजनी आखाड्याने रुग्ण वाढताच मेळा आटोपल्याचे जाहीर केले. त्यावर बैरागी आखाडे भडकले, तुम्ही आमच्या वतीने बोलणारे कोण म्हणून. ‘साधूंचे म्हणणे’ म्हणजे काय, याचे इतके ढळढळीत उत्तर क्वचित मिळते. आणि महाराष्ट्रात? २०२० च्या आषाढीला ज्ञानेश्वर-तुकारामांच्या पादुका एसटीच्या बसमधून, मोजक्या माणसांसह पंढरपूरला गेल्या. शतकांची पायी वारी संस्थानांनी थांबवली. पुढच्या वर्षी काही कीर्तनकारांनी पायी जाण्याचा हट्ट धरला आणि पोलिसांना त्यांना स्थानबद्ध करावे लागले. एकाच संप्रदायात, एकाच वर्षभरात दोन भूमिका. बसच्या फुलांनी सजवलेल्या टपाचे फोटो सगळ्यांनी छापले. वारी थांबवण्याच्या बैठकीत देहू-आळंदीच्या विश्वस्तांनी कशाच्या बळावर होकार दिला, कुणाला पटवावे लागले, कुठला अभंग कुणी आधाराला घेतला, हे लिहिले गेले असते तर पुढच्या साथीला ते कामाचे कागद ठरले असते.

आता प्रसंग पाण्याचा येतो आहे. प्रयागच्या महाकुंभात २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हरित लवादाला कळवले की संगमाच्या पाण्यात विष्ठेतले जंतू स्नानाच्या मर्यादेपलीकडे गेले आहेत. ही मर्यादा १०० मिलिलिटरला २,५०० ची. उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी दोन दिवसांत विधानसभेत हे फेटाळले, पाणी आचमनालाही योग्य आहे म्हणाले. नंतर त्याच मंडळाने सांख्यिकी विश्लेषण करून पाणी स्नानायोग्य असल्याचा दुसरा अहवाल दिला. एकाच संस्थेचे दोन अहवाल शेजारी ठेवून नमुने कुठून घेतले, कधी घेतले, सरासरी कशी काढली हे विचारायचे, तर चर्चा ‘सनातनाचा अपमान’ या वळणाने गेली.

वाराणसीत वीरभद्र मिश्र नावाचे एक महंत होऊन गेले. संकटमोचन मंदिराचे महंत आणि बनारस हिंदू विद्यापीठात जलशास्त्राचे प्राध्यापक. रोज पहाटे गंगेत बुडी मारायची आणि मग तुळशीघाटावरच्या आपल्या प्रयोगशाळेत त्याच पाण्यातले जंतू मोजायचे, असा त्यांचा क्रम. १९८२ साली त्यांनी त्यासाठी संस्था काढली, २०१३ साली ते गेले, तोवर आकडे जाहीर करत राहिले. गंगा माता आहे आणि गंगेचे पाणी घाण आहे, ही दोन वाक्ये एकाच माणसाच्या तोंडून येत होती. त्यांना वादाच्या कुठल्या बाजूच्या खुर्चीत बसवायचे, हा पेच वाहिनीवाल्यांना सुटला नसता.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडायच्या प्रस्तावावरून नाशिककर आधीच रस्त्यावर आले आहेत. २००३ च्या पर्वणीला चेंगराचेंगरीत ३९ माणसे गेली, ती आठवण गावात ताजी आहे. इथे शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात स्नान करतात आणि वैष्णव रामकुंडावर. तेव्हा ‘साधू-महंतांची मागणी’ अशी ओळ लिहिण्याआधी कुठल्या आखाड्याची, हे विचारायला त्र्यंबकचा रस्ता धरावा लागेल. झाडे तोडा असे त्यांच्यातल्या कुणी लेखी मागितले आहे का, की ती मागणी ठेकेदाराच्या नकाशातून आली? रामकुंडाच्या तळाला केलेल्या काँक्रीटबद्दल पुरोहित संघ काय म्हणतो आणि त्या संघात किती मते आहेत? पर्वणीच्या मुहूर्ताशेजारी गोदावरीच्या पाण्याचा बीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचे माप) छापायला कुणाची हरकत असणार नाही, पण ती चाचणी तीन दिवस घेते. म्हणजे नमुना आधीच भरायला हवा आणि बातमीदार गर्दीच्या चार दिवस आधी नाशकात पोचायला हवा.